कोरी

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत
सोनकुसरे काकांचं डीटीपीचं दुकान.
मागच्या खोलीत एक बंद हातमाग,
त्यावर कागदाची रिमं रचलेली.
मी तिथे पत्रिका लावायचे.
म्हणजे गणपती, मुहूर्त, चि. आणि चि. सौ. कां.,
आणि तळाला बारीक टाइपात
भाचरांचं मामाच्या लग्नाचं आमंत्रण.

शनिवारी संध्याकाळी सगळं डिस्कवर उतरवायचं.
एका मेमध्ये हार्ड डिस्क गेली होती
एकोणचाळीस पत्रिकांसकट,
तेव्हापासूनचा नियम.

चकत्या दोन जातींच्या.
निळी स्वस्त, पन्नासच्या डब्यातली,
एकदा लिहिलं की लिहिलं.
करडी महाग, दुकानात एकच,
पुसायची, लिहायची, परत पुसायची.
पक्कं काम निळीवर,
गिऱ्हाइकाचं मन डळमळत असेल तर करडीवर.
“नवरदेवाच्या काकाचं नाव तीनदा बदलते बाप्पा,
निळ्या किती नासवशीन?”

लिहिणं चालू असताना माऊसला हात लावायचा नाही.
कुलर बंद, कारण दोन्ही एकाच बोर्डावर.
सेहेचाळीस डिग्रीत मी, काका आणि चहावाला गजू
टक्के वाढताना बघत बसायचो.
लाइन गेली तर यूपीएस सात मिनिटं,
डिस्कला लागायची अकरा.
“मागावर धागा तुटला तं गाठ मारता येते,” काका म्हणायचे,
“इथं तुटला तं चहाची बशी.”
आणि गजूचे ग्लास आम्ही खरंच
नासक्या चकत्यांवरच ठेवायचो.

एका एप्रिलमध्ये मी माझी स्वतःची पत्रिका लावली.
ज्योत्स्ना नारायण धापोडकर.
त्या फॉन्टात ‘त्स्न’ कधी नीट बसलाच नाही,
तुकडे आणून जोडावा लागला.
“कशावर घेऊ?” मी विचारलं.
काकांनी दोन्ही डबे पाहिले.
“करडीवर ठेव सध्या. छापू तेव्हा निळीवर.”
मला राग आला होता, थोडा.

छापली नाही.
का, ते इथे नको.
उमरेड रोडवरच्या हॉलचा अ‍ॅडव्हान्स बुडाला, एवढंच.

पुसायच्या रीती दोन असतात.
झटपट म्हणजे एक मिनिट. फक्त यादी पुसली जाते,
मजकूर खाली तसाच पडून राहतो.
पूर्ण म्हणजे सत्तावीस मिनिटं,
आतल्या वळशापासून बाहेरच्या कडेपर्यंत.
आम्ही नेहमी झटपटच करायचो.

मी चार दिवसांनी कामावर आले
तर काकांनी पूर्णवर खूण केली.
कुलर बंद केला. खुर्ची ओढली.
काही विचारलं नाही.
पाठमोरे बसले, घाम कॉलरमधून खाली उतरत होता.
विसाव्या मिनिटाला लाइन गेली.
यूपीएस ओरडायला लागला.
“काय करून राहिले काका, बंद करा ना,” गजू म्हणाला.
काकांनी त्याच्याकडे पाहिलं सुद्धा नाही.
सात मिनिटं उरली होती.
पुरली.

मागच्या आठवड्यात त्यांचा मुलगा डबे देऊन गेला.
दुकान काढून टाकतोय, म्हणाला,
पाहून घ्या ताई, काही कामाचं असेल तर.
ड्राइव्ह शेजारून मागून आणला.
निळ्यांचे पापुद्रे सुटलेले,
वीस उन्हाळे म्हणजे काही कमी नाहीत.
ड्राइव्ह गरगरतो, कुरकुरतो, हात टेकतो.
ज्या उघडल्या त्यांचा फॉन्ट आता कुणाकडेच नाही,
सगळ्या नवऱ्या नुसत्या चौकोनांत.

करडी शेवटी घातली.
फिरली. थांबली.
डिस्क कोरी आहे, असं पडद्यावर आलं.

आमच्या घरी मागावरून उतरलेल्या,
पाणी न लागलेल्या लुगड्याला कोरं म्हणत.
आई त्याचा वास घ्यायची आधी,
मग काठ बघायची.

मी ती बाहेर काढली, काकांनी शिकवल्यासारखी
कडेनं धरून.
पडद्यावर तळाला बारीक टाइपात होतं,
साडेसहाशे एमबी मोकळी.
लेक चहा घेऊन आली, तिला म्हटलं,
त्या बाकीच्यांवर ठेव ग्लास.
हिच्यावर नको.